दोन बल्ब आणि एक पडदा

नववीच्या वर्गात मधल्या बाकावर एक लाकडी फळी ठेवली होती. फळीवर दोन सेल, दोन टॉर्चचे बल्ब, एक की आणि चार-पाच तारा. शिरूर तालुक्यातली माध्यमिक शाळा, वर्गात साठाच्या वर मुलं, त्यातली निम्मी बाकांवर उभी राहून माना पुढे काढून पाहत होती. मॅडमनी की लावली. दोन्ही बल्ब पेटले, पण सारखे नाहीत. एक लख्ख, दुसरा मिणमिणता.

"पहिल्याने करंट खाल्ला," पुढच्या रांगेतली एक मुलगी लगेच म्हणाली. "उरलेला दुसऱ्याला मिळाला."

वर्गाला ते पटलं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिसरा धडा 'धाराविद्युत'चा आहे. एकसर जोडणीत धारा सगळीकडे सारखीच असते, हे त्यात दिलेलं आहे आणि बऱ्याच मुलांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. पण समोर पुस्तकाच्या उलट घडताना दिसत होतं आणि मुलांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. मॅडमनी 'चूक' असं म्हटलं नाही. त्यांनी दोन्ही बल्ब काढले, होल्डरांची अदलाबदल केली आणि पुन्हा की लावली. आता मिणमिणता बल्ब पहिल्या जागेवर होता आणि लख्ख बल्ब दुसऱ्या. क्षणभर कुणी बोललं नाही. मग मागून एक मुलगा ओरडला, "तो बल्बच तसला आहे!"

खरंच होतं. तालुक्याच्या गावातल्या जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणलेले ते बल्ब एकाच डब्यातले असले तरी वेगवेगळ्या कंपन्यांचे होते. एकाच्या तारेचा रोध जास्त. एकसर जोडणीत धारा सारखी असल्यामुळे ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला विभवांतर जास्त येतं आणि तोच जास्त उजळतो. जागेचा काही संबंध नाही. मग अ‍ॅमीटर आला. बल्बांच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि दोघांच्या नंतर तो जोडून पाहिला. काटा तिन्ही वेळा त्याच रेघेवर थांबला. पुढच्या रांगेतली ती मुलगी तीनदा वाकून पाहून आली.

त्यानंतर मॅडमनी लॅपटॉप उघडला.

या अंकाचा विषय 'पडदा' असा ठरला, तेव्हा संपादकांनी माझ्यापुढे एक थेट प्रश्न ठेवला होता. भौतिकशास्त्राचे प्रयोग आता संगणकाच्या पडद्यावर करता येतात, तर शाळेला प्रयोगशाळा हवी कशाला? उत्तर शोधत पुणे, ठाणे आणि मुंबईतल्या काही शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत बसून आले. प्रश्न वाटला होता तितका सरळ निघाला नाही, कारण प्रयोग आणि पडदा यांच्यामध्ये तिसरंच काहीतरी उभं होतं.

तारेच्या आत

लॅपटॉपवर त्याच मंडलाचं चित्र होतं. माऊसने ओढून सेल आणला, बल्ब आणले, तारा जोडल्या. मंडल पूर्ण होताच तारांमधून निळे ठिपके सरकू लागले. बल्बच्या आधी जितके, नंतरही तितकेच, त्याच वेगाने. कुठे गर्दी नाही, कुठे तुटवडा नाही. एका मुलाने बल्ब मधून काढून नुसत्या तारेने सेलची दोन टोकं जोडली. ठिपके सुसाट धावायला लागले आणि सेलमधून ज्वाळा निघाल्या. वर्गात एकच हलकल्लोळ. शॉर्टसर्किट म्हणजे काय, हे त्यांना पुन्हा सांगावं लागणार नाही.

पडद्यावरच्या या प्रतिरूपांच्या (सिम्युलेशन्सच्या) मागचा माणूस कार्ल वीमन. सत्येंद्रनाथ बोस आणि आइनस्टाइन यांनी वर्तवलेली पदार्थाची एक अवस्था प्रत्यक्षात आणल्याबद्दल २००१ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आणखी दोघांना विभागून मिळालं. पुढच्याच वर्षी त्यांनी बक्षिसाच्या रकमेतला काही भाग घालून अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. फेटची प्रतिरूपं फुकट आहेत, त्यातली अनेक मराठीतही आहेत आणि बहुतेक एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. ज्या गावात नेट येतं-जातं, तिथे ही शेवटची गोष्ट फार मोलाची.

ही नुसती करमणूक आहे का, हे त्याच विद्यापीठात तपासून पाहिलं गेलं. नोआ फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांचे दोन गट होते. एका गटाने खऱ्या तारा, बल्ब आणि मीटर वापरून मंडलं जोडली, दुसऱ्याने तीच मंडलं पडद्यावर. नंतर दोन्ही गटांना खऱ्या वस्तू देऊन एक नवं मंडल जोडायला आणि ते कसं चालतं हे लिहायला सांगितलं. ज्यांनी फक्त पडद्यावर काम केलं होतं त्यांनी खरं मंडलही जास्त सफाईने जोडलं आणि स्पष्टीकरणंही जास्त चांगली लिहिली. प्रत्यक्ष प्रयोगाचा आग्रह धरणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष टोचतो. पण त्याचं कारण शिरूरच्या त्या वर्गात दिसत होतं. खऱ्या तारेचं टोक सैल बसतं, होल्डरला गंज असतो, सेल अर्धा उतरलेला असतो. मुलाचा सगळा वेळ जोडणी सारखी करण्यात जातो आणि धारा म्हणजे काय हा विचार मागे पडतो. पडदा हे सगळे अडथळे काढून टाकतो आणि डोळ्यांना कधीच न दिसणारी गोष्ट दाखवतो.

अर्थात तो जे दाखवतो तेही पूर्ण खरं नाही. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉनांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. एक मीटर जायला तीन तासांहून जास्त वेळ. पडद्यावरचे निळे ठिपके काही सेकंदांत चक्कर मारून येतात, कारण खऱ्या वेगाने सरकले तर ते हलताहेत हे नजरेला कळणारच नाही. हे सांगणारा शिक्षक शेजारी हवा.

तास संपल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "तारेच्या आत काय चाललंय, ते मला फळीवर दाखवता येत नाही. इथे दाखवता येतं. पण इथे दोन्ही बल्ब सारखेच पेटतात हो. मग मुलांना प्रश्न पडणार कुठून?"

या सगळ्या फिरण्यात इतकं नेमकं मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

बसवलेली रीडिंग

ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीचा एक मुलगा भेटला. हुशार, अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीत बुडालेला. त्याचं भौतिकशास्त्राचं जर्नल सुरेख होतं. वळणदार अक्षर, पट्टीने आखलेल्या आकृत्या, आलेखावर सगळे बिंदू सरळ रेषेवर. मीटर ब्रिज, सोनोमीटर, अनुनाद नळी, सगळं पूर्ण आणि सही झालेलं. यातले प्रयोग तू केलेस का, असं विचारल्यावर तो जरा थांबला आणि मग मोकळेपणाने सांगायला लागला.

आधी उत्तर बघायचं. मग सूत्र उलटं फिरवून रीडिंग काढायची. ती तशीच लिहायची नाहीत. "थोडं मागेपुढे करायचं. एक पॉइंट तीन वर, एक पॉइंट दोन खाली. नाहीतर एक्स्टर्नलला कळतं."

रीडिंग बसवणं या कामात आपली मुलं तयार झाली आहेत. निसर्ग कधी अगदी नेमकं उत्तर देत नाही, मोजमापात इकडेतिकडे होतंच, हे त्या मुलाला चांगलं ठाऊक होतं. विज्ञानातली इतकी खोल गोष्ट त्याला समजलेली होती आणि ती त्याने खोटं खऱ्यासारखं दिसावं म्हणून वापरली. मला त्याचा राग आला नाही. बारावीला भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचे ३० गुण आहेत आणि ते बहुतेकांना भरघोस मिळतात. प्रवेशपरीक्षेत हाताने करायच्या प्रात्यक्षिकाला जागा नाही. सकाळ-संध्याकाळ क्लास आहे. या हिशेबात सोनोमीटरच्या तारेवर अर्धा तास घालवणारा मुलगा तोट्यात जातो. दहावीलाही विज्ञानाचे ४० अधिक ४० लेखीचे आणि २० प्रात्यक्षिकाचे, आणि त्या वीसांची गोष्ट फारशी वेगळी नाही.

ही पद्धत जुनी आहे. आपल्यापैकी अनेकांनी ताईदादांच्या जर्नलवरून रीडिंग उतरवली आहेत. पण आता तिला पडद्याचा आधार मिळू शकतो, आणि इथेच मला धोका दिसतो. प्रतिरूपात उत्तर नेहमी बरोबर येतं. ओहमचा नियम पडताळून पाहायचा, तर पडद्यावरचे सगळे बिंदू निमूटपणे सरळ रेषेवर बसतात. कुणाला काही बसवावं लागत नाही, कारण प्रतिरूप लिहिणाऱ्याने आधीच बसवून ठेवलेलं असतं. उत्तर बरोबर येण्यालाच प्रयोग म्हणतात असं ज्या शाळेत शिकवलं जातं, तिथे पडदा म्हणजे आपोआप भरलं जाणारं जर्नल.

ओहमच्या नियमाचंच बघा. शाळेत हा प्रयोग साधारणपणे नायक्रोमच्या तारेवर करतात, आलेख सरळ येतो, सही होते. त्याच मंडलात तारेच्या जागी टॉर्चचा बल्ब लावला तर? विभवांतर वाढवत गेलं की धारा वाढते, पण त्या प्रमाणात वाढत नाही. आलेख वाकतो. कारण बल्बची टंगस्टनची तार तापत जाते आणि तापेल तसा तिचा रोध वाढतो, तोही जवळपास दहापट. घरातला जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध सुमारे ८८० ओहम भरतो आणि तोच बल्ब बंद करून, होल्डरमधून काढून, थंड झाल्यावर मल्टिमीटरने मोजला तर साठ-सत्तर ओहम. ठाण्यातल्याच दुसऱ्या एका शाळेत मी दहावीच्या मुलांना तो वाकडा आलेख काढताना पाहिलं. दोघांनी खोडरबर घेऊन शेवटचे तीन बिंदू पुसले आणि सरळ रेषेवर आणून ठेवले. सरांनी त्यांना थांबवलं आणि बल्बला बोट लावून बघायला सांगितलं. चटका बसल्यावर दोघेही एकमेकांकडे बघायला लागले. आलेख का वाकला ते त्यांनीच मग वर्गाला समजावलं.

लंबकाचा वाद

त्याच शाळेत एका शनिवारी लंबकाचा तास होता. एक मीटर दोरा, खाली लोखंडी गोळा, वर खिळा. दोलनकाल झोक्याच्या लहान-मोठेपणावर अवलंबून नसतो, तो दोऱ्याच्या लांबीवर ठरतो, असं शाळेत सांगतात. मीटरभर दोऱ्याला एका दोलनाला जवळजवळ दोन सेकंद लागतात.

सरांनी मुलांना एवढंच सांगितलं की १० अंशांतून सोडून मोजा, मग २० अंशांतून सोडून मोजा, आणि फरक आहे की नाही ते तुम्हीच ठरवा. वीस दोलनं मोजली. दोन गटांना फरक आला, तिघांना आला नाही, एका गटाचं उलटंच निघालं. वाद सुरू झाला. स्टॉपवॉच कुणाचं दाबणं उशिरा झालं, गोळा सोडताना कुणी ढकलला, दोऱ्याची लांबी गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंत धरायची की मध्यापर्यंत. या शेवटच्या मुद्द्यावर बराच वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. मीटरभर दोऱ्यात एका सेंटिमीटरची चूक झाली तर गुरुत्वत्वरणाचं उत्तर एका टक्क्याने हलतं. ९.८च्या जागी ९.७ येतं. मग एका मुलीने सुचवलं की वीसऐवजी पन्नास दोलनं मोजू, म्हणजे बोटाची चूक पन्नासांत वाटली जाईल.

तिला माहीत नव्हतं, पण ती नेमक्या वाटेवर होती. १० आणि २० अंशांच्या झोक्यांच्या दोलनकालात खरोखरच फरक असतो, अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. वीस दोलनांत तो पाव सेकंदाच्या आत राहतो, म्हणजे माणसाच्या बोटाला जितका उशीर होतो जवळपास तितकाच. म्हणून तो दिसेनासा होतो. पन्नास दोलनांत तो अर्ध्या सेकंदापलीकडे जातो आणि लपवता येत नाही. पुस्तकातलं वाक्य लहान झोक्यांपुरतं आणि ढोबळमानाने खरं आहे. किती लहान आणि किती ढोबळ, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

हाच प्रयोग कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दिला गेला होता. नताशा होम्स, कार्ल वीमन आणि डग बॉन यांचा तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना फक्त दोन गोष्टींची सवय लावली गेली. आपली मोजमापं एकमेकांशी ताडून बघायची आणि मग ती सुधारण्यासाठी पुढे काय करायचं ते स्वतः ठरवायचं. अशा विद्यार्थ्यांनी पुस्तकातल्या नियमाची मर्यादा स्वतः शोधून काढली, आणि पुढच्या वर्षीही ती सवय त्यांच्यात टिकून होती.

इथे पुन्हा वीमन यांचं नाव येतं, ते योगायोगाने नाही. ज्या माणसाने प्रतिरूपं जगभर पोचवली तोच माणूस नंतर खऱ्या प्रयोगशाळेकडे वळला. त्यांनी आणि होम्स यांनी तीन संस्थांमधले नऊ प्रयोग-अभ्यासक्रम तपासले. वर्गात शिकवलेलं प्रयोगाने पक्कं व्हावं, हा त्या अभ्यासक्रमांचा उद्देश होता. प्रयोग केलेल्या आणि न केलेल्या विद्यार्थ्यांच्या लेखी परीक्षेतल्या कामगिरीत फरक जवळजवळ शून्य निघाला. २०१८च्या जानेवारीत त्यांनी हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांच्या 'फिजिक्स टुडे' या मासिकात मांडलं. सांगितलेल्या पायऱ्यांनी ठरलेलं उत्तर काढायचं असेल तर प्रयोगशाळेत जाऊन काही मिळत नाही, हा त्यातला आशय. प्रयोगशाळेचं खरं काम निर्णय घ्यायला शिकवण्याचं आहे. काय मोजायचं, किती वेळा, कुठलं रीडिंग संशयास्पद, आता थांबायचं की पुन्हा करायचं, हे ठरवायला शिकवण्याचं.

मला वीमन यांच्या या दोन कामांत विसंगती वाटत नाही. कल्पना समजून घ्यायला पडदा. वास्तवाशी गाठ घालून स्वतःचं मत बनवायला हात. सायप्रसमधले झॅकेरिया यांनी विजेच्या मंडलांवर केलेल्या अभ्यासातही दोन्ही एकत्र वापरणाऱ्या विद्यार्थ्यांची समज फक्त खऱ्या वस्तू वापरणाऱ्यांपेक्षा चांगली निघाली. आपल्याकडे मात्र पहिलं येऊ घातलंय ते दुसऱ्याच्या बदल्यात.

डेडस्टॉकची भीती

असं का होतं, हे समजून घ्यायला शाळेतलं एक रजिस्टर पाहावं लागतं. त्याला सगळे डेडस्टॉक म्हणतात. शाळेने घेतलेल्या प्रत्येक टिकाऊ वस्तूची त्यात नोंद असते. बहिर्वक्र भिंग, नग बारा. व्होल्टमीटर, नग आठ. भिंग फुटलं तर ते निर्लेखित करून घ्यावं लागतं, कागद फिरावे लागतात, आणि तोवर जबाबदारी ज्याच्या सहीवर ते आहे त्या शिक्षकाची. प्रयोगशाळा सहाय्यकाचं पद अनेक शाळांत वर्षानुवर्षं भरलेलं नाही. त्यामुळे मांडणी, आवराआवर, धुणंपुसणं सगळं विज्ञानाच्या शिक्षकावर, आणि तास पस्तीस मिनिटांचा. मुंबईच्या उपनगरातल्या एका शाळेत मला प्रयोगशाळेचं कपाट उघडून दाखवलं. व्होल्टमीटर मूळ खोक्यांत होते. आठांपैकी आठ.

या शिक्षकांना दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. वस्तू वापरली तर शिक्षा होऊ शकते आणि न वापरली तर कुणीच विचारत नाही, अशी व्यवस्था असेल तर कपाट बंदच राहणार. पडद्यावरचं भिंग फुटत नाही. पडद्यावरच्या सेलमधून ज्वाळा निघाल्या तरी कागद फिरवावे लागत नाहीत. शाळांना प्रतिरूपं हवीशी वाटतात त्यामागे मुलांच्या शिकण्यापेक्षा ही सोय जास्त आहे. २०२०मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा पडद्याशिवाय इलाज नव्हता. अमृता विद्यापीठ आणि मुंबईचं सी-डॅक यांनी तयार केलेल्या ओ-लॅब्ससारख्या उपक्रमांनी त्या काळात मुलांना प्रयोगाची निदान ओळख तरी राहू दिली, त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवं. पण शाळा उघडून वर्षं झाली आणि काही ठिकाणी तात्पुरती सोय कायमची झाली.

एका बाजूने खरवडलेली तार

खर्चाचं कारण कुणी पुढे केलं की मला होशंगाबादची आठवण होते. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात सोळा उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यामागच्या प्रमुख व्यक्तींपैकी एक असलेले अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून तिकडे गेले होते. मुलांनी प्रयोग स्वतः करायचे, निष्कर्ष वर्गात भांडून काढायचे, परीक्षा पुस्तक उघडं ठेवून द्यायची आणि प्रात्यक्षिकाचीही परीक्षा खरी द्यायची. वाढत वाढत तो सुमारे हजार शाळांत पोचला. २००२ साली सरकारने तो बंद केला. सरकारी शाळांत, साध्या साहित्यात, साध्या शिक्षकांकडून हे होऊ शकतं, हे तीस वर्षं दिसत होतं.

पुण्यात टेल्कोमध्ये अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून आकृत्या करायची त्यांची कल्पना तिथल्याच काळातली. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली शेकडो खेळणी मुलांपर्यंत पोचवली. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुकात ही शोधिका ज्या 'पुलस्त्य' इमारतीत आहे, ती पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली.

गुप्ता यांनी घरोघर नेलेली एक मोटार आहे. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चकतीचं चुंबक आणि इनॅमलचा मुलामा असलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. वेटोळ्याची दोन टोकं पिनांच्या डोळ्यांत बसवायची, खाली चुंबक. वेटोळं गरगरतं. पण त्यात एक मख्खी आहे. टोकांवरचा मुलामा पूर्ण खरवडायचा नाही, एका बाजूला तसाच ठेवायचा. म्हणजे अर्ध्या फेरीत धारा मिळते आणि अर्ध्या फेरीत तुटते, आणि वेटोळं स्वतःच्या वेगावर पुढची अर्धी फेरी काढतं. सगळा मुलामा खरवडला तर उरलेल्या अर्ध्या फेरीत चुंबक त्याला उलटं ढकलतं आणि वेटोळं जागच्या जागी हेलकावे खात बसतं. मी ही मोटार करताना पाहिलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी पहिल्यांदा तार पूर्ण खरवडली होती. मोटार का फिरत नाही, हे शोधताना त्यांना दिक्परिवर्तक कळला. पडद्यावरच्या मोटारीला मुलामा नसतो. ती लगेच फिरते.

शिरूर तालुक्यातच पाबळला श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं घराचं वायरिंग करतात, वेल्डिंग करतात. उरलेली वीज 'दुसऱ्या बल्बला' मिळते की नाही, हे तिथल्या मुलाला वायर जोडतानाच कळतं, कारण जोडणी चुकली तर गिऱ्हाइकाचा पंखा फिरत नाही.

पडद्याचं योग्य काम

मी पडद्याच्या विरोधात लिहीत आहे असं कुणाला वाटू नये. वायूतले रेणू भिंतीवर कसे आदळतात, चुंबकाभोवतीचं क्षेत्र कसं पसरतं, किरणोत्सारी अणूंची निम्मी संख्या ठरावीक काळात कशी उरते, दहा ग्रह वेगवेगळ्या वेगाने सोडले तर कोण ताऱ्यावर पडतो आणि कोण निसटतो, हे शाळेच्या टेबलावर कधीच होणार नाही. इथे प्रतिरूपाला पर्याय नाही. पण प्रतिरूपात तेच सापडतं जे कुणीतरी आधी त्यात घातलं आहे. तार तापते हे घातलं नसेल तर आलेख वाकणार नाही, आणि नव्वद मुलांनी नव्वद वेळा केलं तरी कुणाला ते कळणार नाही.

ज्या फोनवर मुलं प्रतिरूपं बघतात तोच फोन मोजण्याचं साधनही आहे, हे मला ठाण्याच्या सरांनी दाखवलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' नावाचं फुकट अ‍ॅप फोनमधल्या संवेदकांची रीडिंग समोर मांडतं. फोन पिशवीत घालून दोरीला टांगला की तोच लंबक होतो आणि स्वतःचा दोलनकाल सांगतो. दोन टाळ्यांमधला वेळ फोन हजारांश सेकंदांत मोजतो. इथे पडदा खऱ्या गोष्टीकडे बघतो. वर्गातला एक जरी फोन असा वापरला तरी पुरे, त्याला शंभर रुपयांचाही खर्च नाही.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी देशभरातून निवडलेली मुलं तयारीला येतात. भौतिकशास्त्राच्या त्या स्पर्धेत ५० पैकी २० गुण हाताने करायच्या प्रयोगाचे असतात. २०१५ साली ही स्पर्धा मुंबईत झाली तेव्हा जगभरातून आलेली मुलं आपापल्या टेबलावरच्या उपकरणांशी झगडत होती. जगातल्या सर्वांत हुशार मुलांची परीक्षा घेणाऱ्यांना प्रयोगाचं मोल एवढं वाटतं. आपल्या दहावीच्या मुलाच्या वाट्याला मात्र सही केलेलं जर्नल येतं.

माझं मत स्पष्ट आहे. फळी आधी, पडदा मध्ये, फळी पुन्हा. आधी खऱ्या बल्बांनी प्रश्न उभा करू द्यावा, मग पडद्याने तारेच्या आतलं दाखवावं, मग मुलांनी खऱ्या तारेवर मोजून ते पडताळावं आणि जुळलं नाही तर का जुळलं नाही ते लिहावं. प्रात्यक्षिकाचे गुण त्या 'का'ला द्यावेत. उत्तर ९.४ आलं आणि मुलाने दोऱ्याची लांबी कुठे चुकली ते दाखवलं, तर त्याला पूर्ण गुण. ९.८ आलं आणि सांगता काही आलं नाही, तर निम्मे. शिक्षण मंडळाला यासाठी नवीन इमारत बांधावी लागत नाही, परीक्षकांना दिलेली सूचना बदलावी लागते. आणि वापरताना फुटलेल्या भिंगासाठी शिक्षकाला जबाबदार धरणं बंद करावं लागतं.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांत पालकसभा होतील. तिथे गुणांची चौकशी करून झाल्यावर आणखी दोन गोष्टी विचारा. या सत्रात माझ्या मुलीच्या हातात व्होल्टमीटर आला का, आणि तिच्या प्रयोगवहीत न जुळलेलं एखादं रीडिंग आहे का. उत्तर 'नाही' आलं तर पुढच्या सभेला पुन्हा विचारा, आणि शेजारच्या पालकांनाही विचारायला सांगा.